जोडीचा फिशपाँड

पोरीला कॉलेजात घालायचं की नाही, यावरून आमच्या कडेगावच्या घरात बराच धुरळा उडाला होता. आबा, म्हणजे माझे वडील, बांगलादेशची लढाई संपल्यावर फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीत आले. मळ्यातल्या उसाकडे बघायला लागायच्या आधीच त्यांच्यापुढे माझं प्रकरण आलं. चुलते म्हणाले, लग्न करून टाका. आई भाकरी थापत राहिली. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला समोर उभं केलं.

"शिकायचं तर शीक. पर सांगलीतनं एक शब्द माझ्या कानावर आला, तर त्याच दिशी पेटी उचलायची. मग मी तुझं काय ऐकून घेणार न्हाई."

पेटी त्यांचीच होती, काळी फौजी ट्रंक, कुलपाची कडी वाकलेली. ती एसटीच्या टपावर टाकून ते मला सांगलीला घेऊन आले, लेडीज होस्टेलच्या पायरीवर ठेवली आणि त्याच गाडीनं परत गेले. मला त्यांचा राग आला होता. दिल्यासारखं करायचं आणि दोरी आपल्या हातात ठेवायची, ही कसली रीत? पण बी.एस्सी.ला माझं नाव लागलं होतं, त्यामुळे राग गिळला. ती अट मी कुणाला सांगितली नाही. सांगायची लाज वाटायची.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. पाऊस आलाच नाही. कृष्णेचं पात्र इतकं आत गेलं होतं की घाटाच्या पायऱ्या संपल्यावर वाळू तुडवत जावं लागायचं. होस्टेलचा नळ सकाळी थोडा वेळ करंगळीएवढा चालायचा आणि बंद पडायचा. प्रत्येकीला एक बादली. त्या बादलीत अंघोळ, कपडे, ताटवाटी, सगळं. बादल्यांवरून भांडणं व्हायची ती मात्र सगळ्या भाषांत. माझी खोलीसोबतीण जतची, घरी कानडी बोलणारी. समोरच्या खोलीत तासगावच्या बांगड्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी, चिडली की दखनीत सुरू व्हायची. पलीकडे दोन गुजराती बहिणी, पेठेतल्या. जेवताना मात्र सगळं एक. जतची कडक भाकरी, तासगावचा शिरखुर्मा, गुजरातणींचं लोणचं, आमच्या घरचा गूळ. कुणी कुणाचं खायचं नाही असं घरून सांगून पाठवलेलं असायचं, आणि पहिल्या महिन्यातच ते सगळ्या विसरल्या होत्या.

कॉलेजात मुली मोजक्या. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आडनावांच्या क्रमानं जोड्या लावल्या, आणि माझ्या वाट्याला बाडमेरकडचा एक मुलगा आला. त्याचा मामा हळदीच्या पेढीवर मुनीम होता, त्याच्याकडे राहून तो शिकत होता. उंच, वाळका, कानात सोन्याच्या मुरक्या. मान जरा पुढं काढून चालायचा. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'उंट' ठेवलं. तो हसायचा. त्याला ते नाव वाईट वाटण्यासारखं आहे हेच कळायचं नाही. त्याच्या मुलखात उंट म्हणजे घरातला कर्ता.

लॅबमधले नळ कोरडे पडले तेव्हा सगळ्या वर्गाची त्रेधा उडाली. प्रत्येक टेबलाला पाण्याचा एक जार मिळायचा आणि तो अर्ध्या प्रयोगात संपायचा. आमचा संपायचा नाही. त्यानं तीन भांडी मांडली होती. आधी सगळ्यात वापरलेल्या पाण्यानं काचा धुवायच्या, मग त्याहून बऱ्या, शेवटी चूळभर स्वच्छ पाण्यानं. सगळ्यात घाण पाणी झालं की खिडकीतून खाली कण्हेरीला. मी आधी नाक मुरडलं. मग मला ते आवडायला लागलं. घोटभर पाण्यात ब्यूरेटची नळी लखलखीत करून तो माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "देखो, झालं." त्याचं मराठी असंच होतं, अर्धं पेठेतलं, अर्धं वाळवंटातलं.

एकदा मी चिडून म्हणाले, "भांड्यांचं ठीक आहे. पंधरवडा झाला, डोक्यावरून पाणी नाही. त्यावर आहे का काही उपाय?"

त्यानं गंभीरपणे सांगितलं, त्याच्याकडे बायका मुलतानी माती ताकात भिजवतात, केसांना चोळतात, आणि मग एका लोट्यात डोकं निघतं. मी म्हटलं, काहीतरीच. पुढच्या प्रॅक्टिकलला तो मामाच्या घरून वर्तमानपत्रात बांधून मातीचं ढेकूळ घेऊन आला आणि सगळ्या वर्गादेखत, लॅबच्या दारात, माझ्या हातावर ठेवलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं, पण हात मागं घ्यायच्या आत पुडा हातात आला होता.

त्या रविवारी अख्ख्या होस्टेलनं त्या मातीनं डोकी धुतली. जतची म्हणाली, शिकेकाईसारखं नाही पण बरं हाय. सोमवारी आम्ही सगळ्याजणी केस मोकळे सोडून कॉलेजात गेलो. आणि फळ्यावर खडूनं उंट काढलेला, त्याच्या पाठीवर मातीचं पोतं.

मी फळा पुसला. मागच्या बाकांवरून खाकरण्याचे आवाज आले. वळून एकेकाकडे असं बघितलं की गप्प बसले. तेवढ्यापुरते.

जानेवारीत गॅदरिंग आलं. दुष्काळ म्हणून साधेपणानं करायचं ठरलं. नाटक रद्द, जेवण रद्द. पण फिशपाँड रद्द करायची कुणाची टाप नव्हती. ज्यांनी त्या काळची कॉलेजं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं. ग्रंथालयाबाहेर एक पेटारा ठेवायचे. त्यात कुणीही, कुणावरही, आपलं नाव न घालता दोन-चार ओळी लिहून टाकायच्या. गॅदरिंगच्या दिवशी त्या माइकवरून वाचल्या जायच्या, ज्याच्यावर असतील त्यानं उठून स्टेजवर यायचं, आणि टोमण्याला शोभेल अशी एक भेटवस्तू हसत हसत घ्यायची. रागवायचं नाही. जो उठला नाही त्याची हुर्यो, आणि ती त्या दिवसापुरती नाही, कॉलेज सुटेपर्यंत. याच कारणानं शिक्षणाला रामराम ठोकलेला एक मुलगा आम्हाला ऐकून माहीत होता.

माझी जतची सोबतीण त्या वर्षी एल.आर. होती, म्हणजे मुलींची प्रतिनिधी. सगळ्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी तो जी.एस. गॅदरिंग बघणाऱ्या सरांबरोबर पेटारा उघडून वाचायला ती बसली होती. संध्याकाळी खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"तुझ्यावर एक हाय बघ," ती म्हणाली. "तुझ्यावर आन् त्याच्यावर. जोडीचा."

"काढून टाक की मग."

"मी म्हटलो की. सरांनी वाचून पास केलाय. त्यात घाण काय न्हाई म्हणाले. जी.एस. तर लईच खूश झालाय. म्हणतोय, शेवटचा हाच ठेवायचा."

तिनं मला तो म्हणून दाखवला.

"उंट आला वाळवंटातून शोधत शोधत नीर,
कडेगावच्या काठावरती सापडली विहीर."

 त्याच आठवड्यात आबांचं कार्ड आलं होतं. लढाईत भाग घेतलेल्या पालकांचा गॅदरिंगमध्ये कॉलेजकडून सत्कार होणार होता, आणि आबा येणार होते. गावाचं नाव घेऊन वाचणार, आणि आबा पुढच्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. ते हसले. "अगं, खेळीमेळीनं घ्यायचं असतं. माझ्यावरही दरवर्षी येतो." मी म्हटलं, तुमच्यावर आला तर तुम्हाला कुणी नावं ठेवत नाही. त्यांना ते उद्धट वाटलं. जी.एस.कडे गेले. सांगलीतला वकिलाचा मुलगा, बोलायला गोड. तो म्हणाला, फिशपाँड पाहुणे गेल्यावर असतात, तोवर तुझे वडील गेलेले असतील, कशाला घाबरतेस. आणि एकदा पास झालेला फिशपाँड काढला तर उद्या सगळेच काढायला येतील. त्याचं म्हणणं इतकं व्यवस्थित होतं की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

राहिला तो. प्रॅक्टिकलला मी त्याला सांगितलं. फिशपाँड म्हणजे काय हेच त्याला आधी समजावून सांगावं लागलं. नाव पुकारलं की उठावं लागतं, वर जावं लागतं, नाही गेलं की काय हाल करतात, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इसमें बुरा काय? हसायचं, भेट घ्यायची, उतरायचं."

तेव्हा माझा तोल गेला. काचेची नळी हातात होती ती टेबलावर आपटायची राहिली एवढंच. मी म्हटलं, "तुला हसायला काय जातंय? माझ्या वडिलांची अट आहे. एक शब्द कानावर आला तर पेटी उचलून घरी. कॉलेज बंद. कायमचं." बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं. इतके महिने लपवलेली गोष्ट याला का सांगितली, हे कळेना. तिसऱ्या भांड्यातलं स्वच्छ पाणी त्यानं माझ्याकडे सरकवलं आणि रीडिंग लिहायला लागला.

गॅदरिंग दुपारी होतं. मैदानावर मांडव, पुढं पालकांच्या खुर्च्या. आबा कोट घालून, छातीला मेडल लावून आले. फेट्याचा शेव मागं सोडलेला. मला बघून त्यांनी मान हलवली, बाकी काही नाही. पालकांचा सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते होता, पाहुणे साताऱ्याहून निघाले होते, आणि ते येईनात. कराडच्या अलीकडे गाडी बंद पडल्याचा निरोप आला. मुलं पाय आपटायला लागली, शिट्ट्या सुरू झाल्या. स्वागतगीताच्या मुलींबरोबर मी स्टेजच्या कडेला उभी होते. जी.एस. सरांच्या कानाशी लागला, सरांनी मान डोलावली, आणि तो माइककडे निघाला. काय होणार ते मला तिथंच कळलं.

"पाहुणे येईपर्यंत," तो म्हणाला, "आपण फिशपाँड घेऊ या."

मांडव उठला. मी सोबतिणीकडे बघितलं, तिनं डोळे मिटून घेतले होते. एकामागून एक चिठ्ठ्या वाचल्या जाऊ लागल्या. कुणाला खुळखुळा, कुणाला केरसुणी. सरांना टकलावर लावायला तेलाची बाटली. सरही हसत हसत घेऊन गेले. पालक आधी गोंधळले आणि मग तेही हसायला लागले. आबा हसत नव्हते. हात गुडघ्यांवर ठेवून परेड बघावी तसे बघत होते. पाहुण्यांची गाडी यावी म्हणून मी रस्त्याकडे कान लावले होते. गाडी काही आली नाही.

"आणि आता शेवटचा," जी.एस. म्हणाला, "जोडीचा."

त्यानं वाचला. 'कडेगावच्या' म्हणताना तो मुद्दाम थांबला. मांडवात असा आवाज झाला की तारेवरची कावळ्यांची रांग उडाली. मग त्यानं दोघांनाही वर यायला सांगितलं.

मी आबांकडे बघितलं. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नेहमीच्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "जा की."

मी गेले. जी.एस.नं माझ्या हातात सुतळी बांधलेली इवलीशी पत्र्याची बादली दिली. मला त्या क्षणी इतका संताप आला होता की भीती मागं पडली. मी माइक माझ्याकडे ओढला. "बादली दिलीत, आभारी आहे. होस्टेलच्या नळाला पाणी कधी देणार ते सांगा."

मुलींच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. काही पालकही टाळ्या वाजवायला लागले. जी.एस. ओशाळला. तिथंच मी खाली उतरले असते तर सगळं माझ्या बाजूनं संपलं असतं. पण फिशपाँड जोडीचा होता. मागून कुणीतरी ओरडलं, "उंट कुठाय?" आणि सगळा मांडव त्या एका शब्दावर टाळ्या देऊ लागला. उंट, उंट, उंट.

तो पाचव्या-सहाव्या ओळीत बसला होता. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. शेजारच्यानं त्याला ढोसलं, मागच्यानं पाठीत गुद्दा घातला. तो खाली आपल्या हातांकडे बघत बसून राहिला. मी स्टेजवर बादली धरून उभी. जी.एस. म्हणाला, "थांब, येऊ दे त्याला," आणि मला जाताही येईना.

तिथं उभं असताना मला एक गोष्ट कळली, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तो यावा असं मला वाटत होतं. आबा समोर बसलेले, सगळं शिक्षण पणाला लागलेलं, आणि मला वाटत होतं की यानं उठावं, ती पुढं काढलेली मान घेऊन चालत यावं, माझ्या शेजारी उभं राहावं आणि बादलीला हात लावावा. त्या ओळी खोट्या आहेत म्हणून मी इतके दिवस भांडत होते. त्या खोट्या नव्हत्या.

तो उठला नाही. हुर्यो सुरू झाली. "भ्याला रे भ्याला" म्हणत कुणीतरी कागदाचे बोळे फेकले. एक त्याच्या कानाला लागला. त्यानं तो खाली पडू दिला. मग रस्त्यावर जीपचा आवाज आला, सर धावत पुढं गेले, बँड वाजू लागला आणि मी स्टेजवरून उतरले. पाहुण्यांनी आबांना शाल दिली, नारळ दिला. आबांनी कडक सॅल्यूट ठोकला. टाळ्या मी वाजवल्या की नाही, आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं होस्टेलकडे चालत निघालो. उन्हं उतरली होती. आबा पुढं, मी मागं. पेटीचं मला विचारवेना. पण खरं सांगायचं तर मी पेटीचा विचार करतच नव्हते. मी त्याला शिव्या देत होते. भेकड मेला. एरवी सगळ्या वर्गादेखत माती द्यायला लाजला नाही, आणि आज चार पावलं चालून येता आलं नाही. मला एकटीला उभं केलं. बापाला दिसेल अशी उभी केली. उद्यापासून त्याच्या टेबलावर जायचं नाही, जार संपला तरी चालेल. पेठेतून हळदीचा वास येत होता. त्या वासानंही मला त्याचा मामा आठवला आणि आणखी राग आला.

होस्टेलच्या फाटकाशी आबा थांबले. मी म्हटलं, "आबा, पेटी भरू?"

त्यांनी शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आमच्या पलटणीत बी बडाखान्याच्या जेवणाला असलं करत्यात. जवान सायबावर गाणी रचत्यात. तवा गाण्याचं मला काय न्हाई. गाणी कुणावर बी रचत्यात."

मी फाटकाची कडी धरून उभी होते.

"तू वर गेलीस, बोललीस, ब्येस झालं. तुझ्याकडं मी बघितलंच न्हाई फारसं," ते म्हणाले. "मी त्या मुरक्यावाल्या पोराकडं बघत हुतो."

"आबा, तो..."

"ऐक. तो उठून तुझ्या शेजारी येऊन हुबा ऱ्हायला असता, तर आज पेटी उचलली असती. तिथंच. मग सत्कार गेला खड्ड्यात. पर एवढी पोरं बोंबलत हुती, मारत हुती, तरी बी तो उठला न्हाई. म्हंजे तसलं काय न्हाई. जा, दोन कपडे घिऊन ये, उद्याचा रविवार हाय. आईला भेटून सोमवारी परत ये."

मी पायऱ्या चढून खोलीत गेले. सोबतीण खाटेवर बसली होती. ती घाईघाईनं उठली आणि विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, काही नाही, कपडे घ्यायला आले. ती म्हणाली, बरं झालं बाई, पण तो उंट कसला नेभळट निघाला बघ, जरा उठायला काय झालं त्याला?

मी साडीची घडी हातात घेऊन तशीच उभी राहिले. आबांची अट तिलासुद्धा माहीत नव्हती. सगळ्या कॉलेजात ती मी एकट्या त्यालाच सांगितली होती.